बाबा, एकच मिनिट हं!

शुक्रवारी रात्री दोन वाजता मी स्वतःवरच जाम खूश होते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ‘या वीकेंडला करू’ म्हणत टाळलेलं काम एकदाचं उरकलं होतं. नुसतं अपग्रेड नाही हं, चक्क फॉरमॅट मारून विंडोज ११ कोरं टाकलं. नवीन घर, नवीन रंग! त्या जोशात प्रायव्हसीची जी-जी बटणं दिसली, तीही बंद करून टाकली. एकदम क्लीन.

कट टू शनिवार दुपार. नाशिकहून बाबा आलेत, पेटी घेऊन. आणि माझा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कम्प्युटरला कळेल अशा आकड्यांत बदलणारा तो चिमुकला डबा, मख्खासारखा बसलाय. लाइट लागतोय, पण सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचं नावच नाही.

आता ‘पुढच्या वेळी करू’ म्हणायला काय हरकत होती? होती. गेल्या दिवाळीपासून बाबांच्या उजव्या हाताची करंगळी त्यांचं ऐकत नाही. डॉक्टरांनी काहीतरी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. बाबा त्यावर बोलत नाहीत. फक्त परवा फोनवर म्हणाले, ‘ते रेकॉर्डिंग करायचं म्हणत होतीस ना, यंदा करून टाकू.’ एवढंच. रविवारी संध्याकाळी पंचवटीचं परतीचं तिकीट.

सो, शोधाशोध सुरू. डबा कॉलेजच्या दिवसांतला, सेकंडहँड. त्याचं मॉडेल बंद होऊन जमाना झाला. ड्रायव्हर सापडला एका जुन्या पेनड्राइव्हवर, विंडोज ७ च्या काळातला. तो टाकला तर पडद्यावर निरोप : हा ड्रायव्हर इथे लोड होऊ शकत नाही. कारण? मेमरी इंटिग्रिटी. विंडोज ११ कोरं टाकलं की बऱ्याच लॅपटॉपवर हे संरक्षण आपोआप चालू असतं, आणि जुन्या पद्धतीने लिहिलेले ड्रायव्हर ते दारातच अडवतं. ते बंद करता येतं, पण ड्रायव्हर म्हणजे सिस्टिमच्या पार माजघरापर्यंत जाणारा पाहुणा. ज्या लॅपटॉपवर माझी बँक आणि इन्कम टॅक्स आहे, तिथे त्याच्यासाठी दार सताड उघडायचं? नको वाटलं.

बरं, मागे फिरावं तर तेही नाही. जुन्या विंडोजवरच अपग्रेड केलं असतं, तर दहा दिवसांच्या आत परत जायची सोय असते. फॉरमॅट मारल्यावर परत कुठे जाणार? घरच पाडलंय!

‘काय गं, चहा टाकू का?’ बाबांनी विचारलं.
‘बाबा, एकच मिनिट हं!’

त्या एका मिनिटाचे चार तास झाले.

शेवटी साउंडवाल्या मित्राला फोन केला. तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, ‘माझा छोटा इंटरफेस घेऊन जा, क्लास कम्प्लायंट आहे.’ हा फंडा आधी माहीत असता तर! क्लास कम्प्लायंट म्हणजे यूएसबीच्या ठरलेल्या नियमांप्रमाणे बोलणारा डबा. त्याला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, सिस्टिममधलाच चालतो. म्हणजे कंपनीने उद्या पाठ फिरवली तरी डबा चालू. इंटरफेस घ्यायचा असेल तर रंगाआधी हे विचारा. सोबत एएसआयओ फॉर ऑल नावाचा फुकट जुगाड टाकला, म्हणजे आवाज कानात उशिरा पोचत नाही.

रविवार सकाळ. यादीत नाव आलं! बाबांनी भाता ओढला, सूर धरला, आणि स्क्रीनवर सरळ रेघ. शांतता. माइक बदलला, वायर बदलली, देवाचं नाव घेतलं. मग आठवलं, शुक्रवारची ती बटणं! सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे मायक्रोफोन, आणि अगदी खाली ‘डेस्कटॉप अ‍ॅप्सना माइक वापरू द्या’. बंद. मीच केलेलं. हे बटण बंद असलं तर कधीकधी सॉफ्टवेअर तक्रारही करत नाही, गुपचूप शांतता रेकॉर्ड करत बसतं.

आता तरी? तानपुऱ्याची जुनी फाइल लावली. बाबांनी दोन सेकंद ऐकलं आणि पेटीवरचा हात काढला.
‘हा चढलाय. आपली काळी एक ना? हा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी लोंबकळतोय.’

मला काहीच कळेना. मग आकडे पाहिले. फाइल सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची, इंटरफेस धावतोय ४८,००० वर. म्हणजे सगळं जवळजवळ नऊ टक्के जोरात, आणि सूर सुमारे दीड पट्टी वर, बाबा म्हणाले बरोब्बर तिथेच! पेटी काही कान पिळून जुळवता येत नाही, त्यामुळे त्यांना ते झटकन खटकलं. मी मात्र तसंच रेकॉर्ड करून मोकळी झाले असते. दोन्हीकडे ४४,१०० केलं, तानपुरा खाली आला. बाबांनी नुसती मान हलवली.

भैरवी वाजवली, अकरा मिनिटं. मधे शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी. मी म्हटलं, ‘अजून एकदा?’ म्हणाले, ‘नको, हात दमला. आता तरी चहा टाक.’

ते गेल्यावर हेडफोन लावून ऐकलं. तिसऱ्या मिनिटाला थोडी तडतड आहे, बफर फार कमी ठेवल्याची. ती काढली. करंगळी दोनदा चुकलीये, ते तसंच ठेवलंय. फाइल तीन ठिकाणी कॉपी केली.

बाबांना मात्र ते सीडीवर हवंय, मंडळातल्या काकांना ऐकवायला. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. मित्राला पुन्हा फोन लावलाय, तो अजून हसतोय.