दोष कोणाचा?

मराठीच्या मास्तराला दोष काढायची सवय असतेच. पेपर तपासता तपासता ती अंगात मुरते. काव्यातले दोष कसे हुडकावेत आणि त्यांची वर्गवारी कशी लावावी, हे मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात सांगून ठेवले आहे. फोनचा पडदा हाती घेतला की मला या मम्मटाची हटकून आठवण होते.

परवा एक अर्ज भरताना पडद्यावर प्रश्न उमटला, 'रद्द करायचे?' खाली दोन बटणे: 'ठीक' आणि 'रद्द'. आता अर्ज रद्द करायचा की रद्द करणेच रद्द करायचे? हा 'संदिग्ध' दोष. 'सर्व्हर टाइमआउट' हा 'अप्रतीत', म्हणजे त्या शास्त्रातल्या पंडितांनाच उमगणारा शब्द. आणि एकदा लिहून दिलेला पत्ता पुढच्या पानावर पुन्हा मागणे, ही उघड उघड पुनरुक्ती!

याकोब नील्सन आणि रोल्फ मोलिक या दोघांनी 1990 साली अशा दोषांच्या शोधाची एक पद्धत मांडली. नील्सनने 1994 मध्ये तिची दहा सूत्रे पक्की केली. एकाच्या नजरेतून बरेच निसटते. म्हणून तीन ते पाच परीक्षक घ्यावेत आणि त्यांनी आधी एकमेकांशी न बोलता पडदा तपासावा. मग प्रत्येक दोषाला 0 ते 4 गुण. आमच्या परीक्षेच्या अगदी उलट! 1 म्हणजे नुसते दिसण्यातले उणे, 4 म्हणजे अनर्थ. दोष किती जणांना भेटतो, किती नडतो आणि एकदा कळल्यावर टळतो की दर वेळी छळतो, हे पाहून गुण द्यायचे.

'अनर्थ' हा शब्द फार मोठा वाटतो का? 13 जानेवारी 2018 रोजी हवाई बेटांवरच्या लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा झळकला. सरावालाच खरा हल्ला समजून एका कर्मचाऱ्याने तो पाठवला होता. चूक माणसाची खरी. पण 'इशारा नक्की पाठवायचा ना?' हा यंत्राचा प्रश्न सरावाला आणि खऱ्या संकटाला एकच होता! शिवाय इशारा खोटा असल्याचे कळवणारा मजकूर तयार नव्हता. तो फोनवर पोचेपर्यंत 38 मिनिटे गेली. तेवढा वेळ माणसे लेकरांना पोटाशी धरून आडोसा शोधत होती.

आपल्या घरात अनर्थ इतका गाजावाजा करून येत नाही. हयातीचा दाखला भरताना आजोबा तीनदा अडतात, फोन खाली ठेवतात आणि म्हणतात, "आता आमची बुद्धीच चालत नाही." वाचकहो, दिवाळीच्या फराळाला सगळे जमाल तेव्हा त्यांच्या शेजारी बसा आणि ते नेमके कुठे अडले ते पाहा. प्रश्न संदिग्ध होता की शब्द अप्रतीत, ते लिहून काढा आणि ज्यांनी तो पडदा केला त्यांना कळवा. दोषाला नाव मिळाले की तो दुरुस्त करा म्हणून सांगता येते. आणि तो आपला नव्हता, एवढे जरी आजोबांना कळले, तरी ते फोन पुन्हा हातात घेतील.