शहिदांची नावं पावतीसारखी दाखवू नका

ऑगस्ट उजाडला की आपल्या मोबाईलवर तेच तीन-चार फोटो फिरू लागतात. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, हवालदार अब्दुल हमीद, कॅप्टन हनीफुद्दीन. मागे तिरंगा आणि खाली ओळ: आम्हीही रक्त सांडलं आहे. २६ जानेवारीला पुन्हा तेच. मध्ये कुठे वाद पेटला, टीव्हीवर कुणी काही बोललं, की आणखी दोन-तीनदा.

मला त्या फोटोंबद्दल काही म्हणायचं नाही. ओळीबद्दल म्हणायचं आहे. ती ओळ कुणाला उद्देशून आहे? मेलेल्याला तर नाहीच. त्याच्या घरच्यांनाही नाही. दाराशी उभा राहून आपली कागदपत्रं तपासणारा जो कुणी आहे, त्याला आपण ती दाखवतोय. किराणा दुकानातून बाहेर पडताना पावती दाखवावी, तशी.

ही माणसं पावतीपेक्षा मोठी होती. उस्मानांना फाळणीच्या वेळी पाकिस्तानी सैन्यात जायचं निमंत्रण होतं. ते गेले नाहीत, आणि ३ जुलै १९४८ ला झांगड इथे तोफेच्या माऱ्यात गेले. त्यांची कबर दिल्लीत जामिया मिलियाजवळ आहे. अब्दुल हमीद १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरण भागात जीपवर बसवलेल्या तोफेने रणगाडे फोडत असताना मारले गेले. आणि कॅप्टन हनीफुद्दीन ६ जून १९९९ ला तुर्तुकमध्ये पडल्यावर त्यांचा देह चाळीसहून अधिक दिवस बर्फात होता. त्यांच्या आई हेमा अझीज, शास्त्रीय गायिका, यांनी लष्करप्रमुखांना सांगितलं की माझ्या मुलाचा देह आणण्यासाठी दुसऱ्या कुणाचा जीव धोक्यात घालू नका. या बाईंचं वाक्य आपल्या पोस्टमध्ये मला फारसं दिसत नाही. त्याने काही सिद्ध होत नाही, म्हणून असेल.

माझी एक मैत्रीण म्हणते, तुला हे बोलणं परवडतं, पण पावती मागणारे थांबत नाहीत तोवर आपण ती फाडून कशी टाकायची? तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. गेल्या वर्षी मी आणि माझा नवरा बदलापूरला भाड्याचं घर शोधत होतो. दोन ठिकाणी घर पसंत पडलं, बोलणी झाली, आणि आधारकार्डची झेरॉक्स दिल्यावर एजंटचा फोन आला: 'सोसायटीचा नियम आहे, मॅडम.' त्या क्षणी माझ्या मोबाईलमध्ये अब्दुल हमीदांचे चार फोटो होते. त्यांनी काय केलं असतं? पावती दाखवून घर मिळत नाही. घराचा हक्क संविधानाच्या जोरावर आणि भांडून मागायचा असतो, १९६५ सालच्या एका जवानाला पुढे करून नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. पावतीच्या कामाचे तेवढेच मेलेले आपण लक्षात ठेवतो. ज्यांच्या मरणाने काही सिद्ध होत नाही त्यांना विसरून जातो. आणि त्यांची संख्या फार मोठी आहे, आपल्याच घरांमधली.

आपण राहतो ती गावं बघा. बदलापूरचं नाव घोडे बदलण्यावरून पडलं असं जुने लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट फौजेचीच. अंबरनाथला १९५० च्या दशकापासून ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. आणि उल्हासनगर तर उभंच राहिलं लष्करी छावणीवर. दुसऱ्या महायुद्धात हे कल्याण कॅम्प होतं, सैन्याचा ट्रान्झिट कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच रिकाम्या बॅरेकमध्ये ठेवलं, आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची कोनशिला बसून त्याला उल्हास नदीवरून नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर चार' म्हणतात, बॅरेक नंबर लिहितात. रिक्षावाला 'तीन नंबर' म्हणतो तेव्हा तो एका महायुद्धाचा उच्चार करत असतो, त्याला माहीत नसलं तरी.

ट्रान्झिट म्हणजे इथे कुणी राहायला येत नव्हतं. इथून पुढे जायचं होतं. मुंबई बंदरातून आगबोटीने पश्चिमेकडे, इजिप्त, इराक, इटली. सैनिकांबद्दल पुस्तकं आहेत. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्या आगबोटी चालवत कोण होतं, हा प्रश्न मला बराच उशिरा सुचला. आणि उत्तर घरातच होतं.

रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या कोकणी मुस्लिम गावांत 'बोटीवर जाणं' हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. इंग्रज कंपन्या आपल्या माणसांना 'लस्कर' म्हणत. डेकवर खलाशी, त्यांच्यावर टंडेल, त्याच्यावर सारंग. सारंग बहुधा आपल्याच गावची माणसं भरती करायचा, त्यामुळे एक बोट बुडाली की एकाच मोहल्ल्यातल्या तीन-चार घरांत चूल विझायची. पगार गोऱ्या खलाशाच्या तुलनेत किरकोळ. युद्ध सुरू झालं तेव्हा १९३९ च्या शेवटी इंग्लंडच्या बंदरांत या खलाशांनी पगारासाठी संप केला. पाणबुड्यांच्या समुद्रात जायचं तर पैसे वाढवा, एवढंच मागणं. काही जणांना त्यासाठी तुरुंगात टाकलं. हा संप आपल्या शाळेच्या पुस्तकात कधी होता का? मला आठवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी व्यापारी जहाजांवरचे सुमारे सहा हजार लोक मेले. ते सगळे आपले नव्हते. सिल्हेट-चितगावचे होते, गोव्याचे होते, काठेवाडचे खारवे होते. पण कोकणातले त्यात होतेच, आणि बहुतेकांना कबर नाही.

एकच बोट सांगते. एसएस तिलावा २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेच्या वाटेने निघाली. २३ तारखेला जपानी पाणबुडीने तिला पाणतीर मारले. बोटीवर ९५८ माणसं होती, प्रवासी आणि खलाशी मिळून. २८० गेली, बाकीच्यांना ब्रिटिश जहाजांनी उचललं. बोटीत चांदीही होती, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची, नाणी पाडायला चाललेली. २०१७ साली एका ब्रिटिश कंपनीने समुद्राच्या तळातून त्यातल्या २,३६४ चांदीच्या विटा वर काढल्या. मग ती चांदी कुणाची यावर खटला चालला, तो थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे २०२४ मध्ये निकाल लागला. विटांची मोजदाद झाली, वजन झालं, मालक ठरले. माणसांसाठी पहिली मोठी स्मरणसभा मुंबईत झाली ती २०२२ मध्ये, बोट बुडाल्यावर ८० वर्षांनी, आणि तीही वाचलेल्यांच्या व गेलेल्यांच्या नातलगांनी खटपट करून.

माझ्या दादीचे थोरले मामू असेच बोटीवर गेले. दादी सांगायची तेवढंच मला माहीत आहे: लढाईचं साल होतं, मुंबईहून एक पत्र आलं, त्यानंतर काही नाही. घरात 'मेले' असं कुणी म्हणायचं नाही. 'आले नाहीत' म्हणायचे. मामीने पुढची कित्येक वर्षं बांगड्या काढल्या नाहीत.

हे 'आले नाहीत' किती जड होतं ते कायद्याच्या पुस्तकात दिसतं. १९३९ सालच्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याप्रमाणे नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बाई कोर्टात जाऊन निकाह मोडून घेऊ शकते. आणि सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं धरून चालता येतं, हे त्याआधीपासून पुराव्याच्या कायद्यात होतं. म्हणजे मधली वर्षं ती ना सधवा, ना विधवा. इद्दत कधी पाळायची? वारसाहक्क कधी वाटायचा? कंपनीचं पत्र वेळेवर आलं तर सुटका, नाही तर वाट बघा. युद्धात मेलेल्यांची मोजदाद करताना या बायका कुठल्याच आकड्यात येत नाहीत.

दीनी बाजूने आपल्याकडे या माणसांसाठी जागा होती. बुडून मेलेला माणूस शहिदांमध्ये गणला जातो अशी हदीस आहे, लहानपणी मदरशात ऐकलेली. कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई, आणि शाफई मसलकात देह समोर नसताना गायबाना नमाज-ए-जनाजा पढता येते. हनफींमध्ये ती नाही. तरीही मोहल्ल्यात अशी नमाज झाल्याचं दादीच्या आठवणीत नव्हतं. कारण साधं आहे. मौत झाली हेच कुणी ठामपणे सांगितलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, हे इंग्रजांच्या पगारावर गेलेले लोक, यांना शहीद कसं म्हणायचं? म्हणू नका. मला त्या शब्दाचा आग्रह नाही. तो अरबी शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की गावोगावच्या फ्लेक्सवर असतो, आणि कुणाला लावायचा यावरून भांडणं होतात. खलाशी देशासाठी गेले नाहीत, कौमसाठीही नाहीत. पोटासाठी गेले आणि दुसऱ्याच्या लढाईत मेले. म्हणून तर त्यांना कुणी वाली नाही. दिल्लीत २०१९ मध्ये उभं राहिलेलं राष्ट्रीय युद्ध स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांसाठी आहे, त्यात ते बसत नाहीत. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवरच्या मेलेल्यांचं मोठं स्मारक आहे, पण दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या खलाशांची यादी वेगळी ठेवली, मुंबईत आणि चितगावला. खुद्द कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ च्या अहवालात मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या आशियाई आणि आफ्रिकी मेलेल्यांपैकी किमान १ लाख १६ हजार जणांची नावानिशी नोंदच केली नाही. खरा आकडा साडेतीन लाखांपर्यंत असू शकतो. गोऱ्यांना एकेक दगड, बाकीच्यांना एक आकडा.

गणवेश नसलेल्यांचं आजही असंच होतं. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला, किमान आठ कामगार गेले. अंबरनाथमध्ये त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधले ऑर्डनन्समधून निवृत्त झालेले काका खाली बाकावर गप्प बसून होते. दोन दिवसांनी प्रजासत्ताक दिन. आमच्या ग्रुपवर नेहमीचे फोटो आले. भंडाऱ्याचं कुणी काही टाकलं नाही. मरणाऱ्यांत आपलं कुणी आहे का, हे बघून आपण हळहळायचं ठरवतो की काय, असं तेव्हा वाटलं. दुसरेही हेच करतात, हे खरं. पण दुसऱ्यांचं दुसऱ्यांपाशी.

म्हणून या वर्षी माझी एक सूचना आहे, विशेषतः ज्यांचं मूळ गाव दापोली, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धनकडे आहे त्यांना. पोस्ट टाकायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी अर्धा तास बसा आणि विचारा: आपल्यात बोटीवर जाऊन कोण परत आलं नाही? नाव, बापाचं नाव, गाव, जमलं तर बोटीचं नाव लिहून घ्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाईटवर नाव फुकट शोधता येतं. स्पेलिंग चार तऱ्हेने टाकून बघा. आपली नावं लिहिणाऱ्याला ती कानाने जशी कळली तशी त्याने लिहिली. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांच्या नावांचं स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या नावांची नोंदवही तिथेच ठेवलेली आहे. बदलापूर-सीएसएमटी लोकलने रोज जाणारे आपण. मस्जिद स्टेशन आपल्याच रुळावर आहे. आपल्यातले किती जण उतरून बघायला गेलेत?

आणि हे फक्त आपल्या नावांसाठी करू नका. त्या वहीत इब्राहिमच्या शेजारी कुणी फर्नांडिस असेल, कुणी खारवा असेल. त्यांचंही नाव वाचा.

मी सुरुवात केली आहे. दादीच्या मामूंचं नाव, बापाचं नाव, गाव, एवढं वहीत लिहिलं आहे. याच नावाचे अनेक जण यादीत सापडले, त्यातले आपले कोणते ते ठरवायला बोटीचं नाव हवं. ते पत्र दादीच्या माहेरी एका पेटीत असावं असं चुलत मामू म्हणतात. बकरी ईदला गावी जाणार आहे, तेव्हा पेटी उघडू.