माप कोणाचे, अंग कोणाचे?



या खेपेला आम्ही एका गुडघ्याची गोष्ट सांगणार आहोत. गुडघा आमच्या भाचीचा. त्याला सहा टाके पडले. पण गोष्ट टाक्यांची नाही, त्या गुडघ्यावर जे बांधले होते त्याची आहे.

आमची थोरली बहीण पुण्यात बोपोडीला राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. पहाटे साडेपाचला आक्का हातात झाडू घेऊन रस्त्यावर असते. ठेकेदाराकडे सफाईचे काम करून तिने दोन लेकरे शिकवली. धाकटी मुलगी कॉलेज सांभाळून सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. चाकाचा आऊट काढणे, ब्रेक बसवणे, गिअर लावणे हा तिच्या हातचा मळ. दुकानमालक भला माणूस. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअॅब्सॉर्बर असलेली एक जुनी डोंगरी सायकल त्याने तिला हप्त्याने दिली. तेव्हापासून रविवार उजाडला की पोरगी टेकडीवर!

या खेळाला डाउनहिल म्हणतात. सायकल डोंगरावर न्यायची आणि दगडगोटे, झाडांची मुळे, खड्डे पार करीत, उड्या घेत खाली यायचे. स्पर्धेत एकेकजण सुटतो आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो तो जिंकतो. मोठ्या स्पर्धांत वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर जातो. म्हणून अंगावर सरंजामही तसाच लागतो. हनुवटीसकट तोंड झाकणारे हेल्मेट, गुडघ्याचे व कोपराचे पॅड, छाती-पाठीचे कवच, बोटे झाकणारे हातमोजे. भाचीने पै पै साठवून गुडघ्याचे पॅड घेतले होते. बाकीचे हळूहळू घेऊ म्हणाली.

आणि एका रविवारी ती पडली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा पाय उशीवर ठेवून बसली होती. आम्ही मामाच्या अधिकाराने रागावलो, “अगं, पॅड बांधून जात नाहीस का?”

तर म्हणाली, “मामा, पॅड होता. पण गुडघ्यावर नव्हता.”

उडी घेण्याआधीच तो घसरून नडगीवर आला होता. दगडावर आपटला तो उघडा गुडघा. शेजारपाजारचे येऊन आपापली मते देऊन गेले. पोरीच्या जातीला हे खेळ हवेतच कशाला, हा त्यांचा सूर. पॅड का घसरला, हे मात्र कोणीच विचारले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही विचारले नव्हते.

टाके निघाल्यावर आम्ही तिच्याबरोबर बाजारात गेलो. एका मोठ्या दुकानात पॅड काढून बघितले. छोटा नंबर मांडीला करकचून बसे. मधला नंबर मांडीला बरा, पण पोटरीवर ढिला. छाती-पाठीचे कवच घातले तर पुढची फळी सपाट. ती छातीवर टेकून उभी राही आणि बाजूने हात जाईल एवढी फट पडे. दुकानदार म्हणाला, “लेडीजमध्ये येत नाही. लहान मुलांचं घालून बघा.” लहान मुलांचे कवच कमरेच्या कितीतरी वर संपले. शेवटी त्याने बायकांचे म्हणून एक जोड काढले. पुरुषांच्या छोट्या नंबरचेच, फक्त रंग गुलाबी. भाची हसून म्हणाली, “रंग बदलला, पण साचा तोच आहे.”

भगिनींनो, गोम आहे ती इथेच. बहुतेक कारखानदार आधी पुरुषाच्या अंगाचे माप घेतात, साचा करतात आणि मग तोच लहान-मोठा करतात. पण बाईचे शरीर म्हणजे आकसलेला पुरुष नव्हे. गुडघ्याच्या मानाने बायकांच्या मांडीचा घेर बहुधा जास्त असतो. पॅड तर केवळ घेराच्या पकडीवर टिकतो. वर जास्त आवळला तर गुंडाळत खाली येतो, खाली ढिला असला तर घसरतो. मांडी आणि पोटरी दोन्हींकडे पकड बरोबर असेल तरच तो गुडघ्यावर राहतो.

बायका या खेळात काल-परवा आल्या म्हणून त्यांचे माप नसेल, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. या सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० साली अमेरिकेत ड्युरँगो येथे झाली, त्यात बायकांची डाउनहिल शर्यत होतीच. फ्रान्सच्या अॅन-कॅरोलिन शॉसाँने १९९६ ते २००५ या काळात डाउनहिलची नऊ जागतिक विजेतेपदे मिळवली. ब्रिटनच्या रेचल अॅथर्टनने २०१६ साली वर्ल्ड कपच्या सातही फेऱ्या जिंकल्या आणि वर जागतिक विजेतेपदही घेतले. म्हणजे बायका पहिल्या दिवसापासून डोंगर उतरत आहेत. तरीही अमेरिकेतील युटाच्या कड्यांवर २००१ साली सुरू झालेल्या रॅम्पेज या प्रसिद्ध स्पर्धेत बायकांसाठी वेगळा गट व्हायला २०२४ साल उजाडावे लागले. न्यूझीलंडची रॉबिन गूम्स तो जिंकली. आता काही कंपन्या बायकांच्या अंगाचे माप घेऊन पॅड-कवच काढतात. पण गल्लीतल्या दुकानात ते दिसत नाही, आणि दिसले तर खिशाला परवडत नाही.

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनींकडून टेप आणला आणि भाचीच्या अंगाची मापे घेतली. त्या दिवशी जे शिकलो ते इथे देतो. आपल्याही घरातली लेक सायकल वा स्कूटर चालवत असेल.

हेल्मेटसाठी भुवयांच्या एक बोट वरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवावा. तोंड झाकणारे हेल्मेट घातल्यावर आतल्या गाद्या गालांना दाबल्या पाहिजेत. मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर हलावे, मागाहून नव्हे. पट्टा लावून मागच्या बाजूने वर ढकलून बघावे. निघाले तर ते आपले नव्हे. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, म्हणून वेणी मानेशी खाली बांधावी. आणखी एक. आतला थर्माकोलसारखा थर स्वतः चेपून आपले डोके वाचवतो. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसले तरी बाद समजावे. पैसे वाचवायला सायकल जुनी घ्या, हेल्मेट जुने घेऊ नका.

गुडघ्याच्या पॅडसाठी वाटीच्या मध्यापासून वर मांडीचा आणि खाली पोटरीचा घेर मोजावा. किती अंतरावर मोजायचे ते कंपनीच्या तक्त्यात असते. बहुधा दहा किंवा पंधरा सेंटीमीटर. मोज्यासारखा ओढून घालायचा पॅड बसत नसेल तर वर आणि खाली वेगवेगळे पट्टे असलेला घ्यावा. दुकानातच दहा उठाबशा काढाव्यात. लाजू नये. घसरायचा असेल तर तिथेच घसरेल.

पाठीच्या कवचासाठी मानेखालच्या उंच हाडापासून कमरेपर्यंत माप घ्यावे. कवच लांब झाले तर वर बघताना ते हेल्मेटला मागून धक्का देते आणि हेल्मेट डोळ्यांवर येते. छातीला सपाट फळी टोचत असेल तर मऊ पॅडचे बनियन मिळते. त्यातला पदार्थ एरवी मऊ असतो, मार बसताच क्षणभर घट्ट होतो, आणि अंगाचा आकार धरतो. हातमोज्यासाठी अंगठा सोडून तळहाताचा घेर आणि मधल्या बोटाची लांबी मोजावी. बोटापुढे कापड उरले तर ते ब्रेकच्या दांडीत अडकते. हात लहान असेल तर ब्रेकची दांडी स्क्रू फिरवून जवळ आणता येते. हे आम्हाला भाचीनेच दाखवले.

हा सारा प्रकार सायकलपुरता नाही. २९ मार्च २०१९ रोजी अंतराळ स्थानकाबाहेर दोन बायकांनी मिळून काम करायचे ठरले होते. पण दोघींना मधल्या मापाचा पोशाख हवा होता, आणि त्या मापाचा वरचा भाग एकच तयार होता. एकीच्या जागी पुरुष गेला. दोघी बायका एकत्र बाहेर पडल्या त्या १८ ऑक्टोबर २०१९ रोजी. मोटारींचेही तेच. अपघाताच्या चाचणीसाठी गाडीत बसवायचा जो पुतळा १९७६ साली आला आणि पुढे जगभर वापरला गेला तो सुमारे १७५ सेंटीमीटर उंच, ७८ किलो वजनाच्या पुरुषाचा. पुढे बाईचा म्हणून जो आला तो त्याचाच लहान केलेला. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात असे दिसले की तशाच अपघातात, पट्टा लावलेला असूनही, स्त्री चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्के जास्त होती. सरासरी बाईच्या बांध्याचा पुतळा स्वीडनच्या अॅस्ट्रिड लिंडर यांच्या चमूने २०२२ साली पुढे आणला. आकाशात गेलेल्या बाईची ही कथा, तर टेकडीवरच्या पोरीची काय?

हे सारे आम्ही मोठ्या ऐटीत घरात सांगत होतो. आक्का भाकरी थापत ऐकत होती. तव्यावरून नजर न काढता म्हणाली, “अरे, माझ्या बुटाचं कुणी लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?”

तिने कोपऱ्यातले गमबूट दाखवले. नऊ नंबरचे. आक्काचा पाय पाच नंबरचा. पुढे चिंध्या कोंबून ती ते घालते. पावसाळ्यात पाय आत एकीकडे आणि बूट बाहेर दुसरीकडे चालतो. हातमोजे इतके ढगळ की कचऱ्यातली काच चिमटीत धरता येत नाही. म्हणून ती मोजे काढून काच उचलते. “मग बोट कापलं की मुकादम म्हणतो, बाई, मोजे दिले होते ना? घातले का नाहीत?”

आम्ही गप्प झालो. पॅड होता, पण गुडघ्यावर नव्हता. मोजे होते, पण हातात नव्हते. माय-लेकींची कहाणी एकच निघाली! इतकी वर्षे आम्ही आक्काच्या घरी जेवलो, ते बूट दाराशी बघितले, ओलांडून आत गेलो. कधी नंबर विचारला नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांत सफाई कामगारांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, मास्क आणि योग्य पादत्राणे द्यावीत असे लिहिले होते. ‘योग्य’ हा शब्द तिथे उगाच नव्हता. नऊ नंबरचा बूट पाच नंबरच्या पायाला योग्य कसा होईल? साधन दिले म्हणजे संरक्षण दिले, हा हिशेब वहीतला आहे. अंगावर बसले तरच ते साधन. न बसणारे साधन एक वेळ नसलेले बरे, कारण ते असल्यावर दोष बाईच्या माथी येतो.

तेव्हा भगिनींनो, माप मागणे हा नखरा समजू नका. दुकानात बायकांचे माप नसेल तर ‘चालेल’ म्हणू नका. ‘या मापाचे मागवा’ म्हणा आणि माप लिहून द्या. एकीने मागितले तर दुकानदार हसेल. दहाजणींनी मागितले तर तो मागवील. कामावर मिळणाऱ्या साधनांचेही तसेच. आणि बंधूंनो, घरातली बाई पडली, कापली, भाजली की ‘बघून करत जा’ म्हणण्याआधी तिच्या पायातले आणि हातातले एकदा बघत जा.

भाचीला वर-खाली पट्ट्याचे पॅड मिळाले. हेल्मेटची किंमत आक्काच्या अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढी. त्यासाठी घरात डबा ठेवला आहे, आम्हीही त्यात आमचा वाटा टाकला. ते येईपर्यंत टेकडीचा मोठा उतार बंद, हा आक्काचा हुकूम. पोरगी कुरकुरते, पण पाळते.

आणि त्याच टेपने त्या रात्री आक्काच्या पायाचे व तळहाताचे माप निघाले. दुसऱ्या दिवशी तिच्या जोडीच्या बायका आल्या. कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून बोटापर्यंत रेघा मारल्या, हसल्या, एकमेकींच्या भेगा बघितल्या. अर्ज तयार झाला. अकराजणींची नावे, प्रत्येकीपुढे बुटाचा नंबर आणि तळहाताचा घेर. अक्षर भाचीचे, खाली अकरा सह्या-अंगठे. ठेकेदाराकडे अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर अजून आलेले नाही. पोच आक्काने डाळीच्या डब्याखाली जपून ठेवली आहे.