जुन्या पिकअपचे गणित

कर्जत रेल्वे स्थानकालगतच्या भिसेगावसारख्या वस्तीत भाजी, विटा वा मंडपाचे सामान वाहणारी जुनी पिकअप ही अनेकदा एका कुटुंबाची सारी पुंजी असते. चासी शाबूत राहिली, ऑइल वेळेवर बदलले, पाटे आणि ब्रेक सांभाळले, तर डिझेल इंजिन पंधरा वर्षांनंतरही साथ देते. पावसाळ्यात गंजलेला पत्रा गावातला वेल्डर जोडतो. महागडा सुटा भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतो.

अडचण आहे ती कागदांच्या खर्चाची. मालवाहू वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र, म्हणजेच ‘पासिंग’, करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील हलक्या मालवाहू वाहनासाठी त्याचे शुल्क ७,५०० रुपये झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर वाढीव शुल्काची वयोमर्यादा दहा वर्षांवर आणण्यात आली. राज्याचा पर्यावरण कर वेगळाच.

धूर ओकणारी वाहने रस्त्यावरून हटावीत, याबद्दल दुमत नाही. मात्र हे शुल्क वाहनाच्या वयावर ठरते, प्रकृतीवर नव्हे. २०२१ च्या धोरणानुसार भंगारात काढलेल्या गाडीचे मोल नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के धरले आहे. तेवढ्यावर नवी गाडी दारात येत नाही. मग छोटा मालक जुनीच चालवतो आणि शुल्काचे पैसे टायर-ब्रेकच्या खर्चातून काढतो. चाचणी कठोर हवीच. परंतु ती उत्तीर्ण होणाऱ्या गाडीलाही वयाचा दंड भरावा लागला, तर सुरक्षिततेसाठी आखलेला नियम सुरक्षिततेवरच उलटण्याची भीती आहे.