चूक पेपरात, गुण मुलांचे
फेब्रुवारी २०२३ मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात काही ठिकाणी प्रश्नाऐवजी परीक्षकांसाठीच्या सूचनाच छापल्या गेल्या. मंडळाने नंतर ६ गुण देण्याचे ठरविले. पण ते सरसकट नव्हते. कवितेच्या विभागातले काही सोडविलेले किंवा निदान प्रश्नक्रमांक तरी लिहिलेला हवा होता. शिक्षकांना काळजी वाटते ती इथेच. ज्या पोराच्या घरी विचारायला कोणी शिकलेले नाही, ते चूक आपलीच समजून जागा कोरी सोडते.

बंधू-भगिनींनो, मुलांना बजावून सांगा : प्रश्न चुकीचा वाटला तरी क्रमांक घाला, जमेल ते उत्तर लिहा. गुण कमी वाटले तर मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. तिच्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही. शुल्क विषयवार लागते. निकालाच्या महिन्यात तेवढे पैसे बाजूला ठेवा.