बिनदुधाचे ताट आणि बिनतुरीचे शेत



गेल्या वर्षी सप्टेंबरात पुण्याची एक मुलगी आमच्या कार्यकर्त्यांबरोबर दोन दिवस गावात मुक्कामाला होती. कापसाच्या खर्चाचा हिशेब कसा मांडतात ते तिला शिकायचे होते. येतानाच तिने सांगून ठेवले होते, की मी 'व्हीगन' आहे. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, ताक, तूप आणि मधसुद्धा नाही. हा शब्द इंग्लंडात १९४४ साली निघाला. जनावरापासून मिळणारे काहीच घ्यायचे नाही, असे ठरवणाऱ्यांनी तो स्वतःसाठी तयार केला. आज पुण्या-मुंबईत असे जेवणारी तरुण मुले भेटतात, आणि त्यांच्यासाठी वेगळी हॉटेलेही निघाली आहेत.

ज्यांच्या घरी उतरायचे होते त्या बाईंना मी जरा संकोचूनच हे सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, "मंग याच्यात नवीन काय हाय भाऊ? आमचं तं रोजचंच हाय."

रात्री ताट आले. ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ आणि कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. जवसाची चटणी, ठेचा, कांदा. जेवणानंतर कोरा चहा. मुलगी पोटभर जेवली आणि हात धुता धुता सहज विचारती झाली, "काकू, यातलं तुमच्या शेतातलं काय काय?"

बाई थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, "अंबाडी. धुऱ्यावर लावली व्हती."

ज्वारी आठवडी बाजारातली. डाळ दुकानातली. तेल पाकिटातले. जवस त्यांच्या माहेरून आलेला. शेत सात एकर. पाच एकर कपाशी, दोन एकर सोयाबीन. आणि भाकरीसुद्धा पाहुण्यांसाठी झाली होती. एरवी घरात रेशनचा तांदूळ आणि रेशनच्या गव्हाची पोळी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शहरातली पोरे ज्या ताटाकडे निघाली आहेत, ते ताट आपले होते. ते आपल्या हातून कसे सुटले, हे आज बोलायचे आहे.

आधी एक गैरसमज काढू. कोरवाहू शेतकऱ्याच्या घरी चहात दूध नसते ते तत्त्वज्ञान म्हणून नाही. दूध डेअरीवर जाते आणि पोरे कोरा चहा पितात. गरिबीला पुण्य म्हणायची मला सवय नाही. ज्याच्या गोठ्यात दूध आहे त्याने ते आधी पोरांना द्यावे आणि उरले तर विकावे. पण दूध नसले की जेवण निकस, हेही खरे नाही. माझे शिक्षण शेतीचे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात आणि तुरीच्या डाळीत सुमारे २२. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचा घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनीन कमी पडते, ते ज्वारीत आणि तिळात असते. भाकरी आणि वरण एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. तीळ, शेवग्याचा पाला आणि नाचणी यांतून कॅल्शियम मिळते. जवसात ओमेगा-३ आहे, त्याच्यासाठी शहरात लोक बाटलीभर गोळ्या विकत घेतात. भाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जाते. सकाळी भाकरी आणि कारळाची चटणी, दुपारी शेतात झुणका-भाकरी, रात्री वरण किंवा मुगाचे फुणके, पोरांच्या हातात शेंगदाणा-गुळाचा लाडू. हे दिवसभराचे जेवण कोणत्याही डॉक्टरला दाखवा.

एकच गोष्ट यात मिळत नाही, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते कोणत्याही धान्यात, डाळीत, पालेभाजीत नाही. म्हणून पुण्याची ती मुलगी त्याची गोळी घेते. ज्या घरात पोरांना दूधही नाही आणि अंडेही नाही, तिथे हीच उणीव असू शकते. सतत थकवा येत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा. लाजू नका.

आता शेताकडे वळू. १९६०-६१ साली महाराष्ट्रात ज्वारीखाली सुमारे ६३ लाख हेक्टर जमीन होती. आज त्याचा एक तृतीयांशही उरलेला नाही. आपण वेडे म्हणून ज्वारी सोडली का? मुळीच नाही. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आले, त्याच्यामागे आणखी आली. दाणा वाढला, पण ताट बुटके झाले आणि कडबा घटला. पीक लवकर तयार होऊन परतीच्या पावसात सापडले, की दाणा काळा पडायचा आणि व्यापारी मातीमोल भाव सांगायचा. पाखरे, रानडुकरे, रोही, कापणी-मळणीची मजुरी, हे सगळे आपल्याच डोक्यावर. शिवाय भाकऱ्या थापायचे कष्ट बाईचे. रोख पैसा कपाशीत दिसला, पुढे सोयाबीनमध्ये दिसला, आपण तिकडे गेलो. यात गुन्हा काही नाही.

पण ज्वारीबरोबर तिचे सगळे गणगोतही गेले. कपाशीच्या सहा-आठ तासांमागे तुरीचे एक तास असायचे. मधून मूग, उडीद, बरबटी, कडेला अंबाडी, तीळ. हे पीक कोणी हिशेबात धरत नव्हते, पण वर्षभराचे वरण तिथून यायचे. कपाशी दाट झाली, तणनाशक आले, आणि हे तास निघून गेले. डाळ दुकानातून येऊ लागली, तेव्हा ती पातळ होऊ लागली. पातळ वरणाचा पहिला वाटा कोणाला मिळतो आणि शेवटचा कोणाला, हे मायबहिणींना सांगायला नको.

सरकारनेही हातभार लावला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद होती, पण आपल्या दुकानात मुख्यतः गहू-तांदूळच आला. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. २०२३ हे जगाचे भरडधान्य वर्ष झाले, ते भारताच्याच सूचनेवरून. मोठ्या मेजवान्यांत ज्वारी वाढली गेली. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये जाहीर झाला. जाहीर होणे आणि आपल्या गोणीला मिळणे यात किती अंतर आहे, ते बाजार समितीच्या ओट्यावर बसणाऱ्याला विचारा.

आणखी एक गोष्ट. कोणी दूध-मांस सोडत असेल तर त्याचा मी आदर करतो. ताट ज्याचे त्याचे. पण तो विचार कायदा होऊन आपल्या गोठ्यावर येऊ नये. २०१५ मध्ये राज्याचा गोवंश कायदा बदलून बैलही त्यात आला. म्हातारा बैल विकून आलेल्या पैशात नव्या जोडीची भर घालायची, ही वाट बंद झाली. पुण्याच्या त्या मुलीला मी हे सांगितले. तिला जनावर मारणे पटत नाही, पण बैलाला वर्षभर पोसायचा खर्च कोणी द्यायचा, यावर तिच्याकडेही उत्तर नव्हते. तिने तसे प्रामाणिकपणे कबूल केले. कायदा करणाऱ्यांनी अजून केलेले नाही.

मग करायचे काय? पाच माणसांच्या घराचा माझा हिशेब असा. ज्वारी वर्षाला ६ ते ७ क्विंटल. डाळ दीड क्विंटल, म्हणजे तूर-मूग मिळून २ क्विंटलांच्या वर. थोडे तीळ, जवस, भुईमूग. बऱ्या पावसात ज्वारीला दीड एकर पुरेल आणि डाळ कपाशीतल्या तासांतून निघेल. सात एकरवाल्याने कपाशी सोडावी असे मी म्हणत नाही. त्याने दीड एकर घरासाठी राखावे, आणि तुरीचे तास परत आणावे. कडबा मिळेल तो वेगळाच. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल बचतगटालाही चालवता येते. तूर विकून डाळ विकत आणणे, हा आपणच आपल्याला लावलेला दंड आहे.

पोट भरल्यावर उरेल ते विकू. शहराला ज्वारी, जवस, तीळ हवे असतील तर आनंद आहे. पण भाव आपण सांगू, आणि तोही घरातले डबे भरल्यावर. ज्याच्या कणगीत सहा महिन्यांचे दाणे आहेत, त्याला कापूस पडत्या भावात विकायची घाई नसते. घरचे ताट आणि कापसाचा भाव या दोन वेगळ्या लढाया नाहीत.

जिल्हा बैठकीत तीन मागण्यांवर ठराव घेऊ. तुरीचा हंगाम सुरू असताना आयात बंद. रेशनमध्ये आपल्याच जिल्ह्यातली ज्वारी, हमीभावाने घेतलेली. रानडुक्कर आणि रोह्याने केलेल्या नुकसानीची भरपाई वेळेत.

आणि बैठकीला येताना प्रत्येकाने एक काम करून यावे. आदल्या रात्री जेवायला बसाल तेव्हा ताटाकडे पाहा आणि त्या मुलीने विचारले तेच घरात विचारा. उत्तर कागदावर लिहून आणा. मायबहिणींनी ते स्वतः येऊन वाचावे. त्यांच्याइतका खरा हिशेब दुसरा कोणी देणार नाही.