विषाणूचा शजरा

वंशावळीला उर्दूत शजरा म्हणतात. विषाणूलाही तो असतो. कोरोनाच्या जनुकीय मजकुरात सुमारे ३०,००० अक्षरे आहेत. नक्कल होताना एखादे चुकते आणि ती चूक पुढच्या पिढीत उतरते. चुका जुळवल्या की विषाणूचे कूळ कळते. नागपूरच्या 'नीरी'ने विदर्भातल्या नमुन्यांवर हेच काम केले. शजरा नाते सांगतो, गुन्हेगार नाही.

२०२० मध्ये मात्र तो न पाहताच आमच्या टोपीकडे बोट दाखवले गेले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले. पुढच्या वर्षी जग 'इंडियन व्हेरिएंट' म्हणू लागले तेव्हा साऱ्या देशाला झोंबले. ३१ मे २०२१ ला त्याचे नाव 'डेल्टा' झाले. आम्हाला कुणी असे नाव बदलून दिले नव्हते, असो.

आता काळजी चंद्रपूर-गडचिरोलीची आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. सिरोंचातून नदी ओलांडली की तेलंगण. अशा तालुक्यांतले नमुने नागपूरला पोचलेच नाहीत, तर शजऱ्यात त्यांची फांदी कोरी राहील, आणि कोऱ्या जागी अफवा भरते. उद्या ते बोट माडियांकडे वळू शकते. नमुने पाठवायची सोय साथ नसतानाच, आत्ता, व्हायला हवी.